बारावी इमेज

अश्वजीत मला पहिल्यांदा भेटला तो माझ्याच खुर्चीत, माझाच चहा पिताना! सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या एवढ्याशा ऑफिसात त्याचा पहिला दिवस होता. "सॉरी जी, मला वाटलं नव्या माणसासाठी ठेवला," म्हणाला आणि असा हसला की… जाऊ दे. चिडायचं राहूनच गेलं.

पुढे मात्र मी चिडतच राहिले.

आमचं सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या एका वेगळ्या खोक्यात चालतं. कंटेनर पुसला की आत केलेले बदलही जातात. म्हणून चालत्या कंटेनरची इमेज करून ठेवायची. तो साचा हाताशी असला की तसाच कंटेनर पुन्हा उभा करता येतो. हे मी त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. तरी दोन दिवसांआड याचं आपलं तेच –

"एकताजी, सब गायब!"

"इमेज केली नव्हती? काहून?"

"विसरलो न जी… तुम्ही बसा न जरा."

मग त्याच्या शेजारी तासभर बसून मी सगळं पुन्हा उभं करायची. डोकं फिरायचं माझं! आणि हा बाबा स्क्रीन सोडून माझ्याकडे बघायचा.

त्या दिवशी पाचला सर्व्हरची सफाई होती, चालू कंटेनर पुसले जाणार होते. उद्या गिऱ्हाइकाला दाखवायचं काम याच्याच कंटेनरमध्ये, आणि हे साहेब जेवायला गेले ते गायब! फोनही बंद. आता काम गेलं तर नोकरीही जाईल, असं आमच्या बॉस हेमलता मॅडमनी त्याला बजावलं होतं.

धुमसतच मी त्याच्या जागेवर बसले. इमेजची यादी उघडली. रिकामीच असणार म्हणा…

अकरा होत्या! प्रत्येकीला त्यानं टीप जोडलेली –

'सगळं ठीक. उद्या कंटेनर पुसतो, म्हणजे एकता येईल.'

'आज हिरवा कुर्ता. खूप चिडली.'

'आज सांगणार होतो… हिंमत नाही झाली.'

माझे अकरा तास! इतका राग आला, इतका… मग गाल का तापले, कोण जाणे.

पाचला पाच मिनिटं असताना तो धापा टाकत दारात आला. "गाडी पंक्चर झाली जी… गेलं का सगळं?"

मग त्यानं स्क्रीनवरची यादी पाहिली आणि त्याचा चेहराच उतरला.

"बारावी मी केली," मी म्हणाले. "टीप वाच."

तो वाकून वाचू लागला. "उद्या संध्याकाळी सहा, ग्वारीघाट. नावेत बसून तोंडानं सांग. पुन्हा काही पुसलंस तर…" त्यानं वर पाहिलं. "तर?"

"नर्मदेत ढकलीन."

"ढकला न जी…" तेच ते हसू! "पण आता मी… 'तू' म्हणू का?"

"म्हण. आधी माझा चहा आण – पहिल्या दिवसापासून राहिलाय."