काचेतला बुडबुडा

"बुडबुडा गेला कुठे?"

शंकासुर भिंतीला नाक लावून उभा होता. "सोमवारी या काचेच्या कोपऱ्यात बुडबुडा होता. मी वहीत चित्रसुद्धा काढलंय!"

"काच म्हणजे काय साबणाचं पाणी आहे, बुडबुडा फुटायला?" धाकटी म्हणाली.

मोजपट्टी मात्र हसली नाही. ती जेवायच्या ताटाचाही व्यास मोजायची, म्हणून तिला हे नाव पडलं होतं. शंकासुर तिचा मामेभाऊ आणि धाकटी तिची बहीण. तिघं सुट्टीतल्या इंजिनिअर वर्गाला जात. वर्ग घेणाऱ्या बाईंचा जन्म पूल बांधण्यात गेला होता, म्हणून सगळे त्यांना पूलबाई म्हणत. प्रत्येक गटाने एक इमारत निवडायची आणि सुट्टीभर तिच्या नोंदी ठेवायच्या, असा त्यांचा नियम. या तिघांनी मोजपट्टीची आई काम करायची तो पुस्तकबांधणीचा कारखाना निवडला होता.

कारखान्याच्या एका भिंतीला भेग गेली होती. भेगेवर आडवी काचपट्टी प्लास्टरने चिकटवलेली होती. भिंत जरा जरी सरकली तरी काच तडकते, असं पूलबाईंनी शिकवलं होतं. भिंतीच्या डोक्यावर पाण्याची टाकी होती आणि पायाशी आईचं टेबल.

"भिंती कसल्या बघत बसता?" आई पानं शिवता शिवता म्हणाली. "भिंत काय पळून जाणार आहे?"

शंकासुराने प्लास्टरला बोट लावलं आणि त्याचा चेहरा उतरला. "ओलं आहे! आणि वर तारीख तीन महिन्यांपूर्वीची! काच कोणीतरी बदललीय!"

तिघं मागच्या कचऱ्याच्या पिंपाकडे धावली. कागदाच्या कातरणांखाली एक तडकलेली पट्टी सापडली, मग दुसरी, मग तिसरी. एकूण सात! सातवीच्या कोपऱ्यात बुडबुडा होता.

"अगं, ती मीच बदलतो!" मुलांच्या हातातल्या पट्ट्या पाहून कारखान्याचे व्यवस्थापक अभिमानाने म्हणाले. त्यांना एकही डाग खपत नसे, म्हणून सगळे त्यांना चकचककाका म्हणत. मनाने भला माणूस! "इंजिनिअरसाहेब दर महिन्याला तपासायला येतात. त्यांच्यासमोर फुटकी काच बरी दिसते का? तारीखही मी जुनीच घालतो, सुवाच्य अक्षरात!"

"काका, ती काच फुटण्यासाठीच बसवतात!" मोजपट्टी म्हणाली.

"ऐका! उद्या म्हणाल, खुर्ची पडण्यासाठी ठेवतात!" काका हसले.

"सगळ्यांना बाहेर काढा ना!"

"दुपारी माल जायचाय. पळा आता."

शंकासुर पूलबाईंना आणायला सुसाट सुटला. मोजपट्टीने भेगेची रुंदी मोजायचा वर्गातला मापक भेगेवर धरला. सोमवारी भेग दोन मिलिमीटर होती, आता पाच! तेवढ्यात बारा वाजले आणि घर्रर्र करून पंप सुरू झाला. रिकामी टाकी भरू लागली. भिंतीतून मूठभर माती आईच्या टेबलावर सांडली.

"आई, ऊठ!"

"एवढी वीस पानं होऊ दे."

मोजपट्टीला रडू फुटणार होतं. मोठ्यांना समजावून सांगायला आता वेळच नव्हता. एकाएकी तिला सुचलं. ती बोळात धावली आणि विजेचा मुख्य खटका दोन्ही हातांनी खाली ओढला. पंप थांबला, यंत्रं थांबली, आत अंधार झाला.

"गेली वाटतं वीज! चला, बाहेर हवा तरी खाऊ," कोणीतरी म्हणालं. कुरकुरत, हसत आईसकट कामावरच्या अकराही जणी अंगणात आल्या. धाकटी दारात उभी राहून त्यांना मोजत होती.

"माझा चष्मा राहिला," म्हणत आई मागे वळली. मोजपट्टीने तिला कमरेला घट्ट मिठी मारली.

"सोड गं!"

"नाही सोडणार!"

"खटका कोणी ओढला?" चकचककाका ओरडत आत शिरले.

"काका, जाऊ नका!" दोघी बहिणी किंचाळल्या.

भिंत खाली आली आणि अंगण धुळीने भरून गेलं.

आईचं टेबल दिसतच नव्हतं. विटांखालून काकांचा आवाज येत होता. बायकांनी हातांनी विटा उपसून त्यांना बाहेर काढलं. त्यांचा जीव वाचला, पाय मात्र वाचला नाही. पूलबाई शंकासुराबरोबर धापा टाकत पोहोचल्या तेव्हा रुग्णवाहिका निघत होती.

संध्याकाळी इंजिनिअरसाहेब आले. त्यांनी मुलांची वही उघडली आणि बराच वेळ मिटलीच नाही.

"मी दर महिन्याला काच बघून गेलो. भेग एकदाही मोजली नाही," ते मान खाली घालून म्हणाले. "तुम्ही मोजलीत. शाबास, पोरांनो."

"माझ्या वर्गाचं नाव राखलंत," पूलबाई म्हणाल्या आणि त्यांनी धाकटीच्या केसांतली धूळ झटकली. पण मोजपट्टीला शाबासकी गोड लागली नाही. विटांखालून आलेला काकांचा तो आवाज तिच्या कानातून जात नव्हता.

आठवड्याने कारखान्याला नवी जागा मिळाली. सकाळी आई मोजपट्टीला तिथे घेऊन गेली. दार उघडंच होतं, तरी बाकीच्या दहाजणी बाहेर उभ्या होत्या. पूलबाईही आल्या होत्या.

"आत का नाही गेलात?" मोजपट्टीने विचारलं.

आईने तो भेग मोजायचा मापक मोजपट्टीच्या हातात ठेवला.

"आधी तू जा," ती म्हणाली. "बाईंना घेऊन सगळ्या भिंती बघून ये. तू म्हणालीस तरच आम्ही बसू."