इथून दोनशे फूट

“तू हलवलास ना? मग तूच परत नेऊन ठेव!” थर्मनची बहीण व्हर्लीन अंगणातूनच कडाडली. “आईच्या खोलीची भिंत तापलीय, थर्मन. हात लावून बघ!”

“ऑगस्टात जॉर्जियातल्या कुठल्या भिंती गार असतात गं?” थर्मन म्हणाला. “आणि मी काय हौसेनं हलवला? साहेब म्हणाले, पाइनच्या रानात तो फलक वाचतो कोण? लाव गावाच्या वेशीशी. लावला.”

थर्मन काउंटीच्या रस्ते खात्यात होता. मंगळवारी त्यानं एकट्यानं तो फलक खांबासकट उपटून आणला आणि आईच्या घराजवळच्या वळणावर रोवला. त्यावरची सोनेरी अक्षरं गावात पोराटोरांना पाठ: ‘इथून पूर्वेला दोनशे फुटांवर माउंट एस्टर चर्च होतं. १९१९ च्या ऑगस्टमधल्या तिसऱ्या रविवारी, सकाळी अकराला, भर प्रार्थनेत दारं बाहेरून लावून ते जाळलं गेलं. आत एकेचाळीस माणसं होती.’

फलक चार मैल हलला होता. मजकूर तोच होता.

“टेप लावून मोज,” व्हर्लीन म्हणाली. “लाव ना! घाबरलास?”

त्यानं हसतहसत खांबापासून पूर्वेला टेप ओढत नेली. अंगणातून, दारातून, आत. दोनशे फूट भरले ते आईच्या पलंगापाशी.

त्याचं हसू गेलं. भिंतीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. खोलीत रॉकेलचा वास होता. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली आई पांघरूण गोळा करून कडेला सरकत होती.

“काय करतेस, आई?”

“जागा देतेय रे. लोक उभे आहेत.”

“चल, तुला बाहेर नेतो.”

“प्रार्थनेतून उठतात का कुणी?” आई त्याच्यावरच डाफरली.

आज तिसरा रविवार. दहा पस्तीस झाले होते.

थर्मननं खांब उपटला, ट्रकच्या मागं टाकला आणि रानाकडं सुटला. रस्ता भर गावातून. चौकात सिग्नल लागला, तेवढ्यात फोन वाजला.

“थर्मन, भिंत गार पडली रे! वासही गेला. आई कॉफी मागतेय.”

“सुटलो बाई,” तो म्हणाला.

ट्रकचं तोंड उत्तरेला होतं. त्यानं सहज उजवीकडं पाहिलं. पलीकडं, असेल दोनशे फुटांवर, मुलांची रविवारची शाळा. अंगणात तीसेक पोरं दंगा करत होती.

दंगा थांबला.

दार उघडून एक उंच माणूस पायरीवर आला. जुन्या काळचा लांब काळा कोट. पांढरे हातमोजे. त्यानं दोन बोटं वर केली. पोरांनी मुकाट रांग धरली.

पहिली मुलगी आत गेली. मग दुसरी.

थर्मननं मागं वळून ट्रकातल्या फलकाकडं पाहिलं.

“अरे, ऐकतोयस ना? कुठं पोचलास?”

दहा बावन्न. सिग्नल अजून लाल.

“ठेव फोन, व्हर्लीन. मला निघायला हवं. आत्ता.”