पिंपळ पोकळ असल्याबाबत

मे महिन्यातल्या एका दुपारी मी धुळ्याहून, देवपुरातल्या घरून, साक्रीकडच्या एका टेकडीवरच्या बुद्धविहारात गेलो. काम साधं होतं, आवारातला वड तपासायचा. मी वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. झाडं आतून पोखरणाऱ्या बुरशीवर डॉक्टरेट केलेली. विहाराच्या समितीला माझी सही लागत होती, ती त्यासाठीच.

पहिली सही मी फेब्रुवारीत घरी बसूनच दिली होती. समितीचा सचिव हितेंद्र मोबाइलवर पिंपळाचे फोटो घेऊन आला होता. एका फोटोत ढोलीसारखं काही दिसलं. 'बोधिवृक्ष आतून पोकळ, धोकादायक', मी लिहून दिलं. झाड पाहायला गेलो नाही. तेव्हा तर ऊनही नव्हतं.

फाटकाशी लताबाई भेटल्या. साठी ओलांडलेल्या, आवार झाडणाऱ्या.

"सर, बूट काढीसन या."

फरशी तव्यासारखी तापली होती. बुद्धमूर्तीपुढच्या मेणबत्त्या उन्हानंच वाकल्या होत्या. हात जोडले, छोट्या स्तूपाला वळसा घातला आणि पाय उचलत उचलत पिंपळाच्या जागी पोचलो. नुसता बुंधा होता. वाकून पाहिलं. करवतीचा काप साफ. मध्यापर्यंत घट्ट, निरोगी लाकूड. ती ढोली म्हणजे फांदी मोडल्याचा जुना वण होता.

माझी कानशिलं तापली. हितेंद्रचा राग आला, झाडं काढून त्याला करायच्या होत्या त्या मांडवाचा, पार्किंगचा. सगळ्यात जास्त राग आला या शिकलेल्या म्हाताऱ्याचा.

मग लक्षात आलं... पाय भाजत नव्हते.

डोक्यावर कोरं आभाळ, अंगावर लख्ख ऊन. एक पाऊल मागे घेतलं, चटका बसला. पुढे ठेवलं, गार. म्हटलं, वय झालं, पायांना कळेनासं झालं असेल. पण बुंध्याला टेकून लताबाई डबा उघडून बसल्या होत्या.

"बसा सर. सावली शे आठे."

"अहो, पण झाड तर..."

"झाड तोडं. सावली तोडता उनी नही त्यासले."

वारा नव्हता. तरी डोक्यावर सळसळ चालली होती. पिंपळाचीच... ती ओळखायला मला फोटो लागत नाही.

हितेंद्र बुटांसकट तिथे आला, हातात टाइप केलेला कागद. "सर, वडाचंही तेच आहे. पोकळ. फक्त सही करा."

"बूट काढ. इथे उभा राहा."

"ऊन लागलं वाटतं सर तुम्हाला," तो हसला. "पिंपळ तरी कुठे बघायला आला होतात?"

चाळीस वर्षांत वर्गात मी ओरडलो नव्हतो. तेव्हा ओरडलो. "पिंपळ ठणठणीत होता! मी खोटं लिहिलं, तू लिहवून घेतलंस! तसंच लेखी देतो आता तोडायची परवानगी देणाऱ्या ऑफिसात. लाव मग वडाला हात!" कागदाचे तुकडे करून मी त्याच्या बुटांवर फेकले.

लताबाईंनी भाकरीवरून मानही वर केली नाही. "झाड व्हतं तवय बोलनं व्हतं ना, सर."

लेखी मी खरंच दिलं. वड अजून उभा आहे.

विहारातून परतलो त्या संध्याकाळी हात धुताना दिसलं. दोन्ही हात उन्हानं काळवंडले होते. फक्त उजव्या हाताच्या पाठीवर एक पान गोरं राहिलं होतं. पिंपळाचं, लांब शेपटीचं, शिरांसकट. तेव्हापासून दोन महिने मी उन्हात पाऊल टाकलेलं नाही. पान पुसट होईल म्हणून वाट पाहतो आहे.

आज सकाळी त्याच्या शेजारी दुसरं होतं.