लाल झग्याला नैवेद्य

इथं खाली बाकावरच ऐका, वर घरात नको सांगायला. आणि हसायचं नाही. मी चौथी नापास, उभा जन्म लोकांच्या खोड्या काढण्यात गेला, त्यामुळे माझं खरं कुणाला पटतच नाही.

इथं परदेशात, सेम्बावांगला मी मुलाकडे, निमिषकडे असतो. फ्लॅट भाड्याचा. जेवणाच्या टेबलासमोर घरमालकाचं एक चित्र आहे. लाल झग्यातला गलेलठ्ठ पाद्री, पुढ्यात केकचा डोंगर, आणि स्वारी बोटं चाटतेय.

"हा कार्डिनल, बाबा. मोठा धर्मगुरू," निमिष म्हणाला होता. "तिकडचे चित्रकार श्रीमंत पाद्र्यांची अशी टिंगल करायचे."

म्हणजे चित्रकार आपल्याच पंथाचा! मला साखरेचा आजार, लाडू बंद. एका दुपारी घरात एकटाच होतो. म्हटलं, आपल्याला नाही तर महाराजांना तरी. ताटात लाडू मांडले, पाणी फिरवलं, डोळे मिटून साग्रसंगीत नैवेद्य दाखवला. डोळे उघडले... लाडू होते तिथेच. खोलीत फक्त मेणबत्ती विझल्याचा वास. लाडू परत डब्यात ठेवले.

संध्याकाळी सुनेनं, अनघानं, रोजच्यासारखं माझं बोट टोचलं. मशीन बघून तिचे डोळे बारीक झाले.

"बाबा, किती लाडू हाणलेत?"

"एकही नाही गं. त्यानं खाल्ले," मी चित्राकडे बोट केलं.

निमिष हसला. अनघा नाही.

खात्री करायला दुसऱ्या दुपारी पुन्हा नैवेद्य दाखवला. साखर आणखी चढली. पायाची जखम आधीच चिघळलेली.

"उद्याही वाढलेली दिसली, तर पुण्याचं तिकीट काढते," अनघा म्हणाली.

पुण्यात मला पाणी द्यायलाही कुणी उरलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली. इथल्या फ्लॅटात बॉम्बपासून लपायला लोखंडी दाराची एक खोली असते, आम्ही तिच्यात तांदूळ आणि बॅगा ठेवतो. चित्र तिनं तिथं नेलं, त्याच्या पुढ्यात लाडवांचा डबा उघडून ठेवला.

"खा, महाराज!" म्हणाली, आणि दाराला कुलूप. किल्ली मुठीत धरून दिवसभर माझ्यासमोर बसली.

दुपारी दारामागून आवाज आला. चप्... चप्...

"उंदीर असेल," ती पुटपुटली.

"लोखंडातून शिरला?"

तिनं उठून कुलूप ओढून पाहिलं.

संध्याकाळी माझी साखर अगदी ठीक. "बघा, पहारा बसला की कशी उतरते!" जिंकल्यासारखा मला टोमणा मारून तिनं मशीनची खात्री करायला स्वतःचंही बोट टोचलं.

आकडा माझ्या कालच्या आकड्याच्याही वर गेला.

तिची संकष्टी होती. चंद्र उगवायचा होता, सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही.

बोटावरचा थेंब तिनं नाकाशी नेला. मलाही वास आला. द्राक्षांच्या दारूचा.

तिनं तो पुसला नाही. चित्रातल्या महाराजांसारखं हळूच बोट तोंडात घातलं... डोळे मिटले.

"बाबा," माझं टोचलेलं बोट धरून ती कुजबुजली, "तुम्ही आता कुठे जाऊ नका हं..."