तिसऱ्या सभेची पत्रिका

“पहिल्यांदा कोण म्हणालं?”

हा प्रश्न त्याने ज्योतिष मंडळातल्या एकूण एक माणसाला विचारला होता. कुणाला जिन्यात गाठून, कुणाला घरी जाऊन, एकाला तर न्हाव्याच्या खुर्चीत, अर्ध्या गालाला साबण असताना. कुणी छताकडे पाहिलं, कुणी घड्याळाकडे.

म्हणून हंगामाच्या शेवटच्या सभेच्या दिवशी सकाळी अध्यक्षांचा निरोप आला, “फळा पुसला जात नाही, दुपारपर्यंत रंगवून दे,” तेव्हा तो नाही म्हणाला नाही. ब्रश, पॉलिश पेपर आणि काळ्या रंगाचा डबा पिशवीत टाकून निघाला. रंगारीच होता तो. शाळा सातवीतच सुटली होती, पण कुठली भिंत किती रंग पिणार हे नुसता तळहात फिरवून सांगायचा. मंडळाचा फळाही दोन वर्षांपूर्वी त्यानेच रंगवला होता, ताईच्या सांगण्यावरून. ताई, त्याची थोरली बहीण, मंडळाची चिटणीस होती. सभेत कोण काय बोललं ते शब्दन् शब्द वहीत उतरवायची, डाव्या हाताने.

मंडळाचा हंगाम सहा सभांचा. आधी व्याख्यान, मग सगळे ज्याची वाट पाहत बसायचे तो खेळ. पत्र्याच्या डब्यातून एक चिठ्ठी काढायची. चिठ्ठीवर जन्माची तारीख, वेळ, ठिकाण, नाव नाही. अध्यक्ष फळ्यावर त्या बिननावी पत्रिकेचा चौकोन मांडायचे आणि सभासदांनी तिच्याबद्दल सांगायचं. चिठ्ठी ज्याची असेल त्याने शेवटच्या सभेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही; त्या दिवशी मात्र उभं राहून सांगायचं, काय जुळलं, काय नाही. कधीमधी कुणीतरी मेलेल्या माणसाची चिठ्ठी टाकायचा, जाणकारांची परीक्षा पाहायला. ती ज्याने ओळखली त्याला टाळ्या.

तिसऱ्या सभेला ताईची चिठ्ठी निघाली. कुणीतरी म्हणालं, “ही व्यक्ती हयात नाही.” दुसऱ्याने मान डोलावली. तिसऱ्याने मृत्यूचा महिनाही सांगितला. टाळ्या पडल्या. ताई कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून लिहीत होती, आणि नियम मोडणाऱ्यांतली ती नव्हती.

“आज मारून टाकलं रे मला त्यांनी,” घरी येऊन चपला काढता काढता ती म्हणाली. “वर टाळ्याही वाजवल्या.”

“मग भुताला चहात साखर किती घालू?” तो म्हणाला होता. दोघंही हसली होती.

तिला दम लागायचा. गुरुवारी दवाखान्यात छातीची तपासणी ठरलेली होती. ती गेली नाही. “गेलेल्या माणसाने रांगेत कशाला उभं राहायचं?” म्हणाली. त्याला ती थट्टाच वाटली. सभेनंतर एकोणिसाव्या दिवशी दुकानाच्या पायरीवर ती दम खायला बसली, ती उठलीच नाही.

वही त्याने अक्षर अक्षर लावून वाचली होती. तिसऱ्या सभेच्या पानावर सगळं होतं, तेवढं एक नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं, ‘एका सभासदाने सांगितले की.’

सभागृहाचं दार नर्सबाईंनी उघडलं. नोकरीतून निवृत्त झालेल्या, मंडळाच्या जुन्या सभासद. ताईला दम लागलेला त्यांनीही पाहिला होता.

“ओल्या फडक्याने पुसते रे मी,” त्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. “वाळलं की परत दिसतं.”

“खडू चांगला नसेल.”

“खडू बदलून पाहिला…”

त्या चहा आणायला म्हणून गेल्या, त्या लवकर आल्या नाहीत.

फळ्यावर पत्रिकेचा पुसट पांढरा चौकोन होता. त्याने पॉलिश पेपर घेतला आणि खालचं लाकूड दिसेपर्यंत फळा घासला. मग रंगाचा एक हात दिला. सभागृहात रंगाचा वास भरला. पंखा बंद होता. खुर्च्या रांगेने मांडलेल्या, सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे. तो खिडकीत बसला.

रंग वाळायला लागला तशी काळ्यातून एक पांढरी रेघ वर आली. मग दुसरी. दुधावर साय धरावी तशा सावकाश, आवाज न करता.

त्याने दुसरा हात दिला. या वेळी मागे न सरता फळ्यासमोरच उभा राहिला. रेघा पुन्हा आल्या आणि त्याच्या मानेवर काटा उभा राहिला. अध्यक्ष पट्टी लावून चौकोन काढायचे, खिडकीच्या चौकटीसारखा सरळ. हा चौकोन डावीकडे कलला होता. रेघांवरून ओढत गेलेल्या हाताचा फराटाही होता. डावखुऱ्या माणसाच्या हाताचा.

त्याला पत्रिका वाचता येत नव्हती. ताईचा हात ओळखता येत होता.

घाबरला तो. पण तिसरा हात मारून ते बुजवायचं त्याच्या मनातही आलं नाही.

“तुला त्यांना काय म्हणायचंय ते म्हण,” तो फळ्याला हळूच म्हणाला. “मी काय बुजवणार नाही.”

त्याने फळ्यावर चादर टाकली. नर्सबाई आल्या, तेव्हा चहा गार झाला होता.

“झालं?”

“झालं.”

पाच वाजता सभागृह भरलं. त्याला कुणी बसा म्हटलं नाही, तरी तो पहिल्या रांगेत बसला, रंगाच्या हातांनीच. पहिल्या चिठ्ठीचे गृहस्थ उठले, बोलले, बसले. दुसऱ्या चिठ्ठीच्या बाई उठल्या, त्यांची तर बदलीही जुळली होती.

“तिसरी…” अध्यक्ष म्हणाले आणि कागद चाळू लागले. “तिसरी आपण सोडून देऊ.”

तो उभा राहिला. “का बरं? ती माझ्या ताईची.”

“बाळा, वाईट आम्हालाही वाटतं. पण तसं पाहिलं तर शास्त्र चुकलं नाही…”

“शास्त्राचं कोण विचारतंय? पहिल्यांदा कोण म्हणालं, तेवढं सांगा.”

खुर्च्या करकरल्या. मग त्याने पुढे होऊन चादर ओढली.

अध्यक्षांनी चष्मा वर केला, खाली केला. “ही तिची नाही,” ते म्हणाले. “ही… ही तर माझी पत्रिका आहे.”

“तुमची कशी?” मागून एक मास्तर उठले. “मी रोज बघतो माझी. माझी आहे ही.”

“नाही हो…” नर्सबाई पुटपुटल्या. “माझीच ही…”

एकेक जण उठत गेला आणि बोलता बोलता थांबत गेला. त्याला मात्र तोच कललेला चौकोन दिसत होता.

“वाचा की मग,” तो म्हणाला. “त्या दिवशी कसे भराभर बोलत होता.”

जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. तेवढ्यात आवाज ऐकू आला. कागदावर पेन चालल्याचा. सगळ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. टेबलाशी कुणी नव्हतं. पेन वहीशेजारी आडवं पडलं होतं. वही उघडी होती.

तो टेबलाशी गेला. कोऱ्या पानावर ताईच्या अक्षरात एकच ओळ होती, ओली, हाताने फराटलेली. ‘एका सभासदाने सांगितले की.’ पुढे जागा मोकळी.

“काय लिहिलंय?” अध्यक्षांनी विचारलं.

त्याने वाचून दाखवलं. अध्यक्ष टेबलाकडे सरकले. “पुढे… पुढे काय?”

“पुढे अजून काही नाही.”

पुढचे शब्द त्याच्या जिभेवर आयते होते. तेच, ‘ही व्यक्ती हयात नाही.’ एवढ्यासाठीच तर तो आला होता. त्याने मान वर केली. नर्सबाईंनी समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती आणि त्या तोंडाने श्वास घेत होत्या. जिना चढून आलेली ताई कठडा अशीच धरायची.

“मी तुमचा सभासद नाही,” तो म्हणाला. “होणारही नाही. पण आजच्यापुरता धरा.”

पेन कोमट होतं, आत्ताच कुणीतरी खाली ठेवल्यासारखं. त्याने वेड्यावाकड्या अक्षरात ओळ पुरी केली. ‘इथले सगळे हयात आहेत.’ लिहिता लिहिता मोठ्याने वाचलीही.

“नर्सबाई, उद्या छाती दाखवून या. बाकीच्यांनीही जा आता. एकेक करून, सावकाश उतरा.”

“आणि तू?” नर्सबाईंनी विचारलं.

“जातो मी मागून.”

त्याने वही मिटली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. पुठ्ठ्याखाली कुणीतरी खरडत होतं, घाईघाईने, त्याची ओळ खोडल्यासारखं. जिन्यावरची पावलं एकेक करून खाली जात होती. शेवटचं पाऊल रस्त्याला लागेपर्यंत त्याने हात उचलले नाहीत.