धनेश टाइप करत आहे

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्यासमोर झालंय.

मागच्या वर्षीचा बारा जून, गुरुवार. दुपारचे सव्वातीन. इंदूरला राजेंद्र नगरात, आमच्या घरी. मी एकटीच होते.

धनेश आमच्या टीममधला. त्याने चॅटचा एक डबा बनवला होता... कोणत्याही वेबसाइटवर लावा, चालला पाहिजे, असा. मे महिन्यात बायपासवर त्याची बाइक ट्रकखाली आली, तो गेला. त्याचं काम माझ्याकडे आलं.

मला रडू आलंच नाही. नुसतं काम करत होते.

डबा तपासायला मी एक नमुना अॅप बनवलं. एकच पान. सर्व्हर नाही. पलीकडे बोलणारं कुणीच नाही.

डबा उघडला.

खाली तीन ठिपके हलायला लागले...

‘धनेश टाइप करत आहे.’

मी टीममधल्या पुष्करला फोन लावला.

“अगं, कोडमध्ये त्यानेच नाव टाकून ठेवलं असेल,” तो म्हणाला. “सर्च मार ना. टेंशन नको घेऊ.”

मारला. धनेश हा शब्द कुठेच नव्हता.

“मग वाय-फाय बंद करून बघ.”

केलं. कूलरपण बंद केला, का कोण जाणे. घर एकदम गप्प झालं.

ठिपके हलतच होते...

मग मेसेज आला.

‘अमिता जेवली का?’

अमिता त्याची बायको. इथेच मल्हारगंजला सासरीच राहते. मी फोन ठेवला आणि तिला लावला. काय बोलावं सुचेना, म्हणून तेच विचारलं.

“जेवलीस का?”



“परवापासून ढंगाने काही खाल्लंच नाही गं. घरात कुणाच्या लक्षातपण नाही आलं. तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मी येतेय.”

पराठे घेऊन गेले. तिच्या खोलीत दोघी बसलो. ती सावकाश खात होती. मी भिंतीकडे बघत होते. आत काहीच वाटत नव्हतं. भीतीसुद्धा नाही.

दुसरा पराठा तोडताना तिने मान वर न करताच विचारलं...

“अजून काही म्हणाला का तो?”

मी त्याचं नाव घेतलंच नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं.

ती खात राहिली.

घरी आले तर डबा रिकामा. मेसेज नाही, ठिपके नाहीत. रिपोर्टमध्ये ‘पास’ लिहिलं आणि पाठवून दिलं.

अमिता अजून भेटते. तिला कसं कळलं, ते मी विचारलेलं नाही.

विचारणारही नाही.