स्टिअरिंगला बांधलेला मफलर

चोर घरात शिरतो आणि काहीतरी उचलून नेतो, एवढं भावोजींना ठाऊक होतं. चोर शिरला, गाडी दुरुस्त केली आणि निघून गेला, हे मात्र त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चष्म्यांच्या कपाटापाशी बसून ती मुलगी सांगत होती. मुलगी म्हणजे शाळेत शिकवणारी, तिशी ओलांडलेली, शब्द जपून वापरणारी बाई. समोर वहिनी होत्या. वहिनींची उभी हयात विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासण्यात गेली होती. निवृत्तीनंतर त्या लोकांची कोडी सोडवत आणि धाकट्या दिराच्या दुकानाची मागची खोली कचेरी म्हणून वापरत. चष्मे भावोजी विकतात पण दिसतं वहिनींना, असं गल्लीत म्हणत. भावोजीही म्हणत.

मुलीचे वडील हिवाळ्यात गेले होते. त्याआधी त्यांच्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग सैल झालं होतं, खड्ड्यात खडखडायचं. गाडीची सगळी कामं ते घरीच करत. दोष शोधून त्यांनी नवा भागही आणून ठेवला, आणि मग आजारीच पडले. गाडी गॅरेजमध्ये तशीच राहिली. ती आता मुलगी नेणार होती. परवा तिने दार उघडलं तर स्टिअरिंग वडिलांच्या मफलरने सीटला बांधलेलं. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, काम झालंय, आणि चांगलं झालंय.

“मफलर बाबांच्या कपाटात होता,” मुलगी म्हणाली. “आतल्या खोलीत. दादा म्हणतो, घरात कोणीतरी फिरतंय, आईला इथे एकटं ठेवायचं नाही. रविवारी टेम्पो बोलावून तो तिला आपल्याकडे नेतोय आणि घराला कुलूप.”

“आईंचं काय म्हणणं?”

“ती काही म्हणत नाही. कुंड्या शेजारी देऊन टाकायला लागलीय.” मुलगी थांबली. “मला तो माणूस हवाय. त्याला शिक्षा नको. आईला भीती नाही, एवढं दादाला पटायला हवं.”

गॅरेज घराला चिकटूनच होतं. आत शिरल्या शिरल्या वहिनींनी गाडीच्या खिडकीतून डोकं घातलं. करड्या लोकरीचा मफलर स्टिअरिंगला दोन वेढे घेऊन सीटच्या लोखंडी दांडीला घट्ट बांधला होता. पुढची चाकं नाकासमोर सरळ होती. स्टिअरिंग मात्र डावीकडे जरासं कललेलं होतं, भिंतीवर तिरपी टांगलेली तसबीर असावी तसं.

“घाईत बांधलंय,” भावोजी म्हणाले.

“ही गाठ घाईतली वाटते तुम्हाला?”

वहिनी चटई पसरून गाडीखाली गेल्या. भावोजींच्या हातात टॉर्च आला. डाव्या चाकामागे टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणारा दांडा, आणि त्याच्या टोकाचा सांधा कोरा करकरीत होता. रबरी टोपी काळीभोर, नटातली पिन नीट दुमडलेली. जुना सांधा फळीवर कागदात गुंडाळून ठेवलेला सापडला. वहिनींनी त्याला नव्याशेजारी धरलं. नवा बोटाच्या पेराएवढा जास्त लांब निघाला.

“म्हणजे जुन्याच्या खुणेवर नवा बसवून चाललं नसतं,” त्या म्हणाल्या. “चाक नव्याने जुळवावं लागलं. दांड्याची आटे पाडलेली बाजू बघा, कुठे चकाकतेय. आता उजवीकडे टॉर्च मारा.”

उजवीकडे नटावर, आट्यांवर, सगळीकडे वर्षांची धूळ आणि ग्रीसचा जाड थर होता. बोट लागल्याची खूण नव्हती.

कोपऱ्यात एक पोकळ लोखंडी पाइप उभा होता. त्याच्या तोंडाला आतून ताज्या चरा पडल्या होत्या. भावोजींनी तो तोलून पाहिला आणि हळूच म्हणाले, की हे हत्यार असणार. वहिनींनी तो त्यांच्या हातून घेतला, चाकाच्या पान्यावर सरकवला आणि एका हाताने दाबला. नट चटकन सैल झाला.

“हत्यारच आहे,” त्या म्हणाल्या. “पण डोकं फोडायचं नाही, डोकं चालवायचं.”

मग त्यांनी एकेकाला गाठलं.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक हात पुसत बाहेर आला. साहेबांनी, म्हणजे मुलीच्या वडिलांनी, त्याला कधी गाडीला हात लावू दिला नव्हता, आणि ते त्याला अजून लागत होतं. हे काम त्याचं नव्हतं. सांधे तो नेहमी जोडीने बदलायचा, एक गेला की दुसरा मागोमाग जातोच म्हणून. “आणि ते वाकडं स्टिअरिंग मी ठेवलं असतं होय? गाडी सरळ चालते आणि हात तिरके. साहेबांना म्हटलं, दोन्ही बाजू जुळवून सरळ करून देतो. म्हणाले, राहू दे, सवय झालीय. माझ्या हातून असं काम बाहेर गेलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील.”

शेजारचे काका बस चालवून निवृत्त झाले होते. भावोजींचा संशय त्यांच्यावरच होता, कारण घराची जादा किल्ली त्यांच्याकडे असे. काकांनी ती काढून दाखवली. किल्लीच्या दोरीवर धूळ होती. साहेबांना दवाखान्यात त्यांनीच त्या गाडीतून नेलं होतं. त्या अवस्थेतही त्या तिरक्या स्टिअरिंगने जीव नकोसा केला, असं ते ओशाळून म्हणाले. मात्र एक गोष्ट त्यांना आठवली. साहेब गाडीखाली शिरले की भिंतीपलीकडे ऐकू यायचं: डावीकडे, उजवीकडे, बस. वर्षानुवर्षं.

“आणि अलीकडे?”

काका घुटमळले. अलीकडे एका दुपारी ठोकल्याचा आवाज आला होता. मधूनमधून कोणीतरी पुटपुटत होतं, पण उत्तर देणारं कोणी नव्हतं. त्यांना वाटलं, रेडिओ असेल.

दादा संध्याकाळी आला तो घड्याळाकडे बघतच. माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरलेली माणसं बोलतात तसा मोठ्याने बोलत होता. बाबांनी त्याला कधी पाना धरू दिला नाही. त्याच्या हाती गाडी आली असती तर पहिलं स्टिअरिंग सरळ केलं असतं. लहानपणापासून त्याला त्याची चीड होती.

शेवटी आई. त्या चहा घेऊन आल्या, तो वहिनींसमोर ठेवला आणि कपाचा कान उजव्या हाताकडे फिरवला. बारीक चणीची, नीटनेटकी बाई. घरात परकं कोणी आलं नाही, हवं तर लिहून देते, असं त्या म्हणाल्या. गाडी त्यांना चालवता येत नव्हती, दुसऱ्या कुठल्या गाडीच्या पुढच्या सीटवर त्या कधी बसल्याही नव्हत्या.

“स्टिअरिंग वाकडं आहे म्हणतात सगळे,” वहिनी सहज बोलल्यासारख्या बोलल्या.

“वाकडं?” आईंना नवल वाटलं. “वाकडं कुठलं, सरळच आहे ते.”

बायकांना गाडीतलं काय कळणार, असा चेहरा भावोजींनी केला. वहिनींनी चहा संपवला आणि सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलावलं.

“एका माणसाला काय काय माहीत होतं ते बघू,” त्या म्हणाल्या. “एक, दोष फक्त डावीकडे आहे. उजवी बाजू त्याने तपासलीसुद्धा नाही. आता, हा दोष एकट्याने सापडत नाही. एकजण खाली सांध्यावर बोटं ठेवून पडतो, दुसरा वर स्टिअरिंग हलवतो. डावीकडे, उजवीकडे, बस. खाली साहेब असायचे. वर कोण?”

दादाने मुलीकडे पाहिलं, मुलीने दादाकडे. दोघांनीही मान हलवली.

“दोन, त्याच्या मनगटात जोर कमी होता, म्हणून पान्याला पाइप. तीन, तो एकटा होता. पुटपुटणाऱ्याला उत्तर येत नव्हतं. वर बसायला माणूस नाही म्हणून स्टिअरिंग बांधून ठेवलं, आणि लोकर घेतली, कारण दोरीने चरे पडतात.”

“पण कोण?” दादा म्हणाला.

“ते स्टिअरिंगच सांगतंय. नवा सांधा लांब होता, चाक नव्याने जुळवणं भाग होतं. अशा वेळी आधी स्टिअरिंग सरळ धरून पक्कं करतात. मेकॅनिक, काका, तुम्ही, कोणीही असता तर ते खरोखर सरळ धरलं असतं. मग उजवा दांडाही हलवावा लागला असता. या माणसाने ते तिरकं बांधलं. चुकून नाही, गाठ बघा. त्याच्या लेखी सरळ म्हणजे हेच. असं कोणाला वाटेल? ज्याने आयुष्यात दुसरं स्टिअरिंग हातात धरलेलंच नाही, त्याला.”

भावोजींच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. ते आईंकडे वळले. बाकीचे आधीच वळले होते.

आईंनी पदर सावरला. “जॅकवर भरवसा ठेवला नाही हो मी,” त्या वहिनींना म्हणाल्या, जणू आरोप तेवढाच होता. “गाडी पेलायला खाली लोखंडी घोड्या लावल्या होत्या. ते नेहमी लावायचे.”

“आई, तू गाडीखाली शिरलीस?” दादाचा आवाज चिरकला. “या वयात? वर काही पडलं असतं म्हणजे?”

“म्हणूनच सांगितलं नाही. चोर म्हटलं तरी तू नेणार, मी म्हटलं तरी तू नेणार.” त्यांनी मुलीकडे पाहिलं. “ही गाडी नेणार होती. ते दवाखान्यात म्हणाले होते, डावं टोक गेलंय, तसंच पोरीच्या हातात देऊ नको. मी मेकॅनिकला सांगितलं असतं. पण तो दोन्हीकडचं उघडतो. त्यांनी उजवं चांगलं म्हणून सांगितलं होतं. मी होते ना वर, मला हाताला कळत होतं.”

मुलगी खिडकीतून आत वाकली आणि मफलरची गाठ सोडायला लागली. ती सहजी सुटेना.

दादा टायरकडे बघत राहिला. “पक्कं बसलंय का पण?” त्याने विचारलं. आवाज आता खाली आला होता.

“तपासून बघा की,” वहिनी म्हणाल्या. “दोन माणसं लागतात.”

आई सवयीने गाडीच्या दाराकडे निघाल्या. मुलीने त्यांचा हात धरला. “तू खाली, आई. वर मी बसते.”

दादाने चटई झटकली आणि चाकाशी पसरली. आई तिच्यावर बसल्या, हात आत घालून सांध्यावर बोटं टेकवली. डावीकडे, त्या म्हणाल्या. मुलीने फिरवलं. उजवीकडे. बस. लोखंडाचा जरासाही आवाज आला नाही. दादा शेजारी उकिडवा बसला होता. आईंनी त्याचा हात ओढून आपल्या बोटांशेजारी ठेवला, आणि पुन्हा तेच करायला लावलं. मग तो म्हणाला, की पुढच्या वेळी घोड्या लावायला मला बोलवायचं, रविवारीच येतो, टेम्पो नको. आई हो म्हणाल्या नाहीत, पण शेजारच्यांकडून कुंड्या आणायला हव्यात, असं म्हणाल्या.

“आता सरळ धर,” त्यांनी वर पाहून सांगितलं.

मुलीने धरलं. “धरलंय.”

“नाही ग. थोडं डावीकडे.” आईंनी बोट न उचलता मान कलवली. “हं. आता सरळ.”